पाण्याचा गुरुवार

भोसरीहून एका बाबाचं पत्र आलंय. कारखान्यात नोकरी, मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीन वर्षांचा. थोडक्यात असं:

"ताई, मला गुरुवारी सुट्टी, पोरांना रविवारी. त्यामुळे आठवड्यातली गुरुवारची संध्याकाळ तेवढी आम्हा चौघांची. दिवाळीपासून मी नेमच केलाय. सात वाजता टीव्ही बंद, मोबाइल कपाटावर. दिवा लावून शुभं करोति म्हणायचं, मग चटईवर बसून मुगाची खिचडी, भाजलेला पापड, ताक. नंतर सापशिडी, आणि शेवटी लाइट घालवून बॅटरीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्या. पोरं बुधवारपासूनच विचारायला लागतात. बायकोचं मात्र यात मन लागत नाही. एखाद्या गुरुवारी छान हसते, खेळते, आणि पुढच्या गुरुवारी तोंड पाडून असते. पाणी येतं म्हणून मध्येच उठून जाते, पोरांचा डाव मोडतो. बोललो की चिडते. तिला या संध्याकाळची गोडी कशी लावू?"

तुझं पत्र वाचलं आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. आठवड्याचे वार सात. म्हणजे या गुरुवारी नळाला पाणी आलं, तर पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा आहे. आता तुझंच वाक्य परत वाच. एका गुरुवारी हसते, पुढच्या गुरुवारी तोंड पाडून. अरे, इतके महिने एकाच घरात राहून हा हिशेब तुझ्या लक्षात आला नाही?

"पाणी येतं म्हणून." तीन शब्दांत उरकलंस. त्या तीन शब्दांत काय काय येतं ते सांगते. नळ येण्याआधी पिंप रिकामं करून आतून घासायचं, कारण साठवलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची पैदास होते. आरोग्य खात्याची माणसं ज्याला कोरडा दिवस म्हणतात, तो हाच. मग नळाकडे कान लावून बसायचं. पहिलं पाणी गढूळ असेल तर ते बादलीत धुण्याभांड्यांसाठी. स्वच्छ धार लागली की प्यायचं पाणी फडक्यातून गाळून हंडा-कळशीत. मग पाईप पिंपात. पिंप भरेपर्यंत तपेली, पातेली, असेल ते भांडं. धार कधी बारीक होईल याचा नेम नाही, म्हणून तिथून हलता येत नाही. आणि हे सगळं चुकलं तर दोन दिवस घरात काय होतं ते तिलाच ठाऊक आहे, कारण ते निस्तरतेही तीच.

तू नेमका तोच तास निवडलास. चटई टाकलीस, फासा हातात घेतलास आणि ती उठली म्हणून तुला वाईट वाटलं. मला तिच्याबद्दल वाईट वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही. तिला गोडी कशी लावायची, हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवते. ज्या गुरुवारी पाणी नसतं त्या गुरुवारी ती हसते, खेळते, हे तूच लिहिलंयस. म्हणजे गोडी आहे.

येत्या पाण्याच्या गुरुवारी पाणी तू भरायचंस. सगळं, पिंप घासण्यापासून झाकण लावेपर्यंत. एवढंच कर.

"मी मदत करतो" असं म्हणू नकोस. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं. "प्यायचं कशात भरू?" हे तिला विचारायचं नाही. आधीच्या पाण्याच्या दिवशी कामावरून लवकर सुटलास तर शेजारी उभा राहून बघून घे, कुठलं भांडं कशासाठी ते. तुझ्या कारखान्यात नवीन मशीन आलं तर तू असंच शिकतोस ना?

पोरांना बरोबर घे. तुला वाटतंय की पाण्यामुळे त्यांचा खेळ मोडतो. उलट या वयाच्या पोरांना नळासारखा खेळ दुसरा नाही. लेकीला हंडे मोजायला लाव. मी माझ्या आईबरोबर चाळीच्या नळावर हंडे मोजत मोजतच वीसपर्यंत आकडे शिकले, आणि अजून पाण्याचा आवाज बदलला की भांडं भरत आलं हे मला न बघता कळतं. धाकट्याला एक तांब्या दे, तुळशीला घालायला. भिजेल, भिजू दे. पण पिंपाशी किंवा भरल्या बादलीशी त्याला क्षणभरही एकटा सोडू नकोस. एवढंसं पोर बादलीभर पाण्यातसुद्धा बुडू शकतं. पाणी भरून झालं की झाकणं घट्ट लाव.

खिचडी त्या दिवशी आठला होईल. होऊ दे. तांदूळ आणि मुगाची डाळ आधीच धुऊन भिजत घालून ठेव. पाणी भरून झाल्यावर फोडणी देऊन कुकर लाव, तीन शिट्ट्यांत होते. सावल्या एखाद्या गुरुवारी राहिल्या तरी चालतील.

हा नेम मोडू नकोस, हे मात्र कळकळीनं सांगते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटून दिल्या, आणि तुमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. त्यात तिकडच्या किती पोरांना दिवसाउजेडी बाप दिसतच नाही. रविवारी पोरं घरी आणि बाप कामावर, गुरुवारी बाप घरी आणि पोरं शाळेत. त्यातूनही तू संध्याकाळ राखलीस, मोबाइल कपाटावर ठेवलास. तुझी पोरं बुधवारपासून वाट बघतात, ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच तर रागावले.

तर त्या गुरुवारी चटईवर आधी तिला बसव. सापशिडीचा फासा तिच्या हातात दे आणि तू नळाशी जा. पाण्याचा आवाज आला की ती सवयीनं उठेलच. लेकीला आधीच सांगून ठेव, आईच्या मांडीवर डोकं टाकून आडवी हो म्हणावं, म्हणजे आईला उठता येणार नाही.