‘नुसती विचारपूस करायला नेलं होतं’

प्रश्न : माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत आठवीला आहे, वय १३. गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत बाकावरून भांडण झालं आणि त्याने कर्कटक एका मुलाच्या दंडाला टोचलं. त्या मुलाला एक टाका पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी मला फोन न करता चौकीवरच्या हवालदारांना बोलावलं. ते वर्दीतच वर्गात आले आणि सगळ्यांसमोर मुलाला दप्तरासकट मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले. चौकीत दोन तास बसवलं, एक थोबाडीत दिली आणि कागदावर काहीतरी लिहून त्याची सही घेतली. मी पोचले तर म्हणाले, “केस नाही केली बाई, नुसती विचारपूस करायला नेलं होतं.” आता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठराव येतोय, की शाळेच्या आवारात १० ते ५ कायमचा एक पोलीस द्यावा. मी समितीची सदस्य आहे. माझी मुलगी याच शाळेत दुसरीत आहे आणि बदलापूरनंतर मलाच वाटायचं, शाळेत पोलीस हवा. अध्यक्ष म्हणतात, अमेरिकेत प्रत्येक शाळेत असतो. मी सही करू का? आणि मुलाच्या नावावर डाग लागला का?

उत्तर : ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत त्याचंच उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. डाग लागलेला नाही.

कर्कटकाने टोचणं हा कागदोपत्री गुन्हा आहे, ते नाकारू नका. टोकदार वस्तूने दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१), जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. पण तुमचा मुलगा १८ च्या आत आहे, म्हणून त्याला लागू होतो तो बाल न्याय अधिनियम, २०१५. या कायद्याच्या भाषेत तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ‘किरकोळ’ ठरतो. नियम सांगतो की बालकाविरुद्ध एफआयआर फक्त दोन प्रसंगी नोंदवायचा : गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, म्हणजे ‘घोर’ असेल तेव्हा, किंवा तो मोठ्या माणसांबरोबर मिळून केल्याचा आरोप असेल तेव्हा. बाकी सगळ्यात स्टेशन डायरीला नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करायचा आणि दोन्ही बाल न्याय मंडळाकडे पाठवायचं. म्हणजे “केस नाही केली” हे हवालदारसाहेबांनी उपकार केल्यासारखं सांगितलं असलं तरी एफआयआर करण्याची मुभा त्यांना नव्हतीच.

उद्या समजा हे प्रकरण मंडळापुढे गेलंच, तरी चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. वाढीव दोन महिने मिळू शकतात. तेवढ्यातही ती पूर्ण झाली नाही, तर किरकोळ गुन्ह्याची कार्यवाही आपोआप बंद होते. कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ही नोंद पोलिसांना उघड करता येत नाही, असं कलम ७४ सांगतं. पोलीस भरतीला उभा राहिला तरी हरकत नाही.

आता त्या ‘नुसत्या विचारपूस’कडे येऊ. मी वकील आहे, माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ आया हेच वाक्य घेऊन येतात. कायद्यात या नावाचा कप्पाच नाही. पोलिसांसमोरचा मुलगा एक तर साक्षीदार असतो, नाही तर विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल. साक्षीदार म्हणून नेलं म्हणत असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ आडवं येतं : १५ वर्षांखालच्या मुलाला जबाबासाठी त्याच्या राहत्या घराशिवाय इतर कुठेही हजर व्हायला सांगता येत नाही. मुलींना आणि बायकांना तर कोणत्याही वयात हे संरक्षण आहे. विधिसंघर्षग्रस्त म्हणून नेलं म्हणत असतील, तर नियमांची माळच गळ्यात पडते. एरवी ताब्यात घ्यायचं ते घोर गुन्ह्यातच. घेतलं तर तात्काळ पालकांना कळवायचं आणि मुलाला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करायचं. हा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असतो, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. हवालदार त्या दर्जात बसत नाही. शिवाय तो साध्या वेशात हवा. बोलणं व्हायचं ते मुलांसाठीच्या वेगळ्या कोपऱ्यात, ठाण्याचा वास येणार नाही अशा जागी आणि पालकांना सोबत बसू देऊन. २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचं, आणि कोठडी तर कधीच नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत यातलं एकही झालं नाही. दोन्हीपैकी कुठलाही कप्पा धरला तरी ते दोन तास बेकायदा होते.

तो कागद घाबरण्यासारखा नाही. बालकाकडून कबुली घ्यायची नाही आणि कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, असं नियमातच आहे. पोलिसांपुढची कबुली तशीही पुराव्यात चालत नाही. तरी त्याची प्रत मागा, कारण आता तो कागद तुमच्या मुलाविरुद्ध कमी आणि चौकीविरुद्ध जास्त बोलतो. थोबाडीत मारणं ही दुखापत आहेच, शिवाय ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला मारलं तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ वापरण्याचा रस्ता आहे, ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे जायचं की नाही हे नंतर ठरवा. आधी पुरावा हातात घ्या.

आज संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून घडलं तसं एका कागदावर लिहून काढा : किती वाजता, कोण, कुठल्या गाडीवर, चौकीत कुठे बसवलं, आणखी कोण होतं. उद्या शाळेत अर्ज द्या की त्या दिवशीचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवा. हे सगळ्यात तातडीचं काम, कारण ते पुसलं जाऊन वर नवं चढत राहतं. दुसरा अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना, प्रत ठाण्याच्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला : माझ्या मुलाला कोणत्या तरतुदीखाली नेलं, डायरीला काय नोंद आहे, घेतलेल्या कागदाची प्रत द्या. भाषा साधी ठेवा, ‘गुंडगिरी’, ‘अत्याचार’ असले शब्द घालू नका. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार अर्ज, ३० दिवस. बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करायची तर हीच कागदपत्रं लागतील. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि बालकं यांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

मुख्याध्यापिकाबाई दाखला काढून न्या म्हणाल्या, तर शिक्षण हक्क कायदा दाखवा. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आणि ताई, एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. टाका पडलेल्या मुलाच्या घरी तुम्ही गेलात का? नसाल गेलात तर या अर्जांच्या आधी तिथे जा, मुलाला घेऊन. दवाखान्याचा खर्च विचारा. वकील म्हणून सांगते, अशी निम्मी प्रकरणं त्या एका भेटीत मिटतात, आणि न मिटलेल्या प्रकरणात मंडळ पहिला प्रश्न तोच विचारतं.

आता ठराव. कायद्याने पाहिलं तर शाळा व्यवस्थापन समितीला पोलीस नेमण्याचा अधिकार नाही, ती शिफारस करू शकते. माणूस द्यायचा की नाही हे पोलीस आयुक्तालय ठरवणार. दिला तरी तो मुख्याध्यापिकांच्या नाही, ठाण्याच्या हुकमात राहणार. गणपती आले, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा आला की त्याची ड्यूटी तिकडे. शाळेच्या वाट्याला उरेल ती रिकामी खुर्ची.

पण तुमची अडचण ही नाही. एका हाताला मुलीची भीती आहे, दुसऱ्या हाताला मुलाचा अनुभव, आणि दोन्ही खरे आहेत. म्हणून बदलापूर नीट आठवा. ऑगस्ट २०२४, शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार, आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. बाहेरून कोणी कुंपण चढून आला नव्हता. फाटकावर पोलीस असता तरी त्याने त्या माणसाला रोजच्यासारखं आत सोडलं असतं. तिथे कमी पडलं ते दुसरंच : लहान मुलींसोबत बाई कर्मचारी, माणूस कामाला ठेवण्याआधीची पडताळणी, आणि पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा ती ताबडतोब लिहून घेणारं ठाणं. पालकांना तासन्‌तास बसवून ठेवलं होतं, लोक रेल्वेरुळांवर उतरले ते त्यामुळेही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने तर पीडित मुलीचा जबाबही तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दी न घालता घ्यायचा आहे. मुलांसमोर जाताना वर्दी उतरवा, असं हा कायदा म्हणतो आणि बाल न्यायाचे नियमही म्हणतात. आणि आपण ठरावाने ती वर्दी वर्हांड्यात आणून बसवणार?

वर्दी शाळेत शिरली की काय होतं, ते कर्नाटकातल्या बिदरला दिसलं. २०२० च्या जानेवारीत एका शाळेतल्या नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला आणि पोलीस पुन्हा पुन्हा शाळेत येऊन लहान मुलांना प्रश्न विचारत राहिले, वर्दीत, काही जण तर शस्त्रांसह. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रथमदर्शनी हे बाल न्याय कायद्याचं उल्लंघन असल्याचं म्हटलं. त्या मुलांवर तर कसला आरोपही नव्हता.

अध्यक्षांच्या अमेरिकेबद्दल थोडं. प्रत्येक शाळेत नाही, पण पुष्कळ शाळांत पोलीस असतो हे खरं आहे. २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत नेमलेला सशस्त्र पोलीस होता. गोळीबार सुरू झाल्यावर तो इमारतीबाहेरच थांबला आणि १७ जणांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी त्याच राज्यात ऑर्लँडोच्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीने रागाच्या भरात लाथा मारल्या, तर शाळेवरच्या पोलिसाने तिला अटक केली. हात बांधून गाडीत घातलं. २०२० मध्ये मिनियापोलिसच्या शाळा मंडळाने पोलिसांबरोबरचा करारच संपवला. तिथली परिस्थिती वेगळी, बंदुका वेगळ्या, मान्य. पण अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

तुमच्या शाळेतही हेच होईल, फक्त लहान प्रमाणात. मंगळवारी हवालदार चौकीतून यायचे होते तरी बाईंनी तुम्हाला फोन केला नाही. ते वर्हांड्यातच बसलेले असतील तर कोणत्या शिक्षिका पालकांना फोन करत बसतील? डबा पळवला, शर्ट फाडला, भिंतीवर काही लिहिलं, “बोलवा साहेबांना”. बाईंचंही मी समजू शकते. पन्नास पोरं आणि एक बाई, त्यात रक्त दिसलं की माणूस गांगरतो. पण त्यावर उपाय समुपदेशक आहे.

म्हणून ठरावाला नुसतं ‘नाही’ म्हणू नका, दुरुस्ती मांडा. मी लिहून देते, तशीच वाचलीत तरी चालेल :

“शाळा भरताना व सुटताना फाटकाबाहेरील रस्त्यावर पोलीस गस्त द्यावी. ठाण्याच्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक, तसेच १०९८ ही हेल्पलाइन, सूचनाफलकावर लावावी. पोलीस दीदी किंवा दामिनी पथकाची भेट दर महिन्यास ठेवावी. दि. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानुसार सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि सर्व कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांचा अहवाल पुढील सभेत ठेवावा. विद्यार्थ्यांमधील कोणत्याही भांडणात प्रथम पालकांना दूरध्वनी करावा. गंभीर इजा किंवा लैंगिक अपराध वगळता पोलिसांना बोलावू नये. पालक पोचल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थ्यास शाळेबाहेर नेऊ देऊ नये.”

लैंगिक अपराधाचा अपवाद मुद्दाम घातला आहे. तिथे पोक्सोनुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाला जास्त. हे वाक्य ठेवलंत की कोणी म्हणणार नाही तुम्ही शाळेचं झाकायला निघालात.

समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. सभेआधी दोघीतिघींना फोन करून ठेवा. त्यांचीही मुलं भांडतात. दुरुस्ती पडली आणि मूळ ठराव मंजूर झाला, तर इतिवृत्ताच्या वहीत ‘माझी असहमती’ असं कारणासह स्वतःच्या हाताने लिहा आणि सही शेवटच्या ओळीला अगदी चिकटून करा, मध्ये जागा सोडू नका. मग त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि वही बाईंच्या हातात परत द्या.