पहिल्या पगारात टेलिस्कोप नको

अरे, टेलिस्कोपची घाई करू नकोस. माझा अजून माळ्यावर पडलाय. स्टँड इतका डुगडुगायचा की गुरू सापडला म्हणेपर्यंत निसटायचा. त्यापेक्षा १० बाय ५० चा (दहा पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) बायनॉक्युलर घे. कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकव, म्हणजे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र तुलाही दिसतील. कधी तीनच दिसतात, एखादा आड गेलेला असतो. एवढं नाशिकच्या कॉलेज रोडवरून, शहराच्या उजेडातही जमतं. आकाशगंगेसाठी मात्र अमावस्येच्या आसपास शहराबाहेर अंजनेरीकडे जावं लागेल. पावसाळ्यात नाद सोड.

आणि घरच्या ग्रुपवर 'ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार' हे येणारच. मामांना तिथल्या तिथे खोडू नकोस. मी खोडलं, दिवाळीपर्यंत अबोला! मुळात गोष्ट अगदीच खोटी नाही: २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. पण तेव्हाही त्याची चकती रुंदीला चंद्राच्या साधारण पंचाहत्तराव्या हिश्श्याएवढीच होती. '७५ पट मोठा करून पाहिला तर' हे मूळ निरोपातलं वाक्य फिरता फिरता गळलं, इतकंच. मामांना गच्चीवर बोलव, चहा दे, मग बायनॉक्युलर. आमचे मामा आता स्वतःच विचारतात, "आज शनी कुठंय रे?"