'गंबो'ला भेंडीची आमटी म्हणावे का?

प्रश्न: अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा 'गंबो' हा दाट रस्सा मराठीत 'भेंडीची आमटी' असा लिहिला तर चालेल का?

नको. गंमत अशी की 'भेंडी' एवढा भाग व्युत्पत्तीने बरोबर आहे. मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांत भेंडीला 'किंगोंबो' किंवा त्याच्या जवळपासचे शब्द आहेत. तिथल्या माणसांना गुलाम करून अमेरिकेत नेले, त्यांच्याबरोबर भाजी गेली आणि तिचे नावही गेले. फ्रेंचमध्ये 'गोंबो' म्हणजे आजही नुसती भेंडी, तेव्हा फ्रेंच पाककृती उतरवताना फसू नका. ('ओक्रा' निराळ्या वाटेने आला, पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून.) लुइझियानात मात्र शब्द भाजीवरून पदार्थावर सरकला आणि आता बिनभेंडीचा गंबोही असतो.

खरी अडचण 'आमटी'ची. आंबटपणा तिच्या नावातच आहे. आपण भेंडीत आमसूल, चिंच नाहीतर ताक घालतो ते तिची तार मोडायला. गंबोत तीच तार दाटपणासाठी हवी असते. तिथे आधी एक वाटी तेल, एक वाटी मैदा असे सारखे माप घेऊन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत चॉकलेटी रंगावर आणतात. हा 'रू'. काळे ठिपके दिसले की तो जळला. कडवटपणा पुढे कशानेही जात नाही, म्हणून टाकून नव्याने करावा लागतो. रू जितका गडद, तितका मैदा दाटपणा कमी देतो. ती उणीव भेंडी भरून काढते, नाहीतर 'फिले', म्हणजे सॅसफ्रास नावाच्या झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती आच बंद केल्यावरच घालायची. उकळली तर रस्सा तारेतार होतो.

रू फ्रेंच, फिले तिथल्या चॉक्टॉ आदिवासींचे, भेंडी आणि नाव आफ्रिकेचे. म्हणून 'फ्रेंच सूप' हे भाषांतर मला जास्त खटकते: ज्यांनी शब्द दिला तेच त्यातून गायब. लुइझियानातल्या न्यू ऑर्लीन्सला १९४१ साली सुरू झालेल्या 'डूकी चेस' या उपाहारगृहात तिथल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकी लिआ चेस यांनी नागरी हक्क चळवळीतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कार्यकर्त्यांना एकत्र बसवून गंबो वाढला, तेही अशी पंगत कायद्याने बंद असताना. 'सहभोजन' हा आपला शब्द इथे चपखल बसतो.

तेव्हा 'गंबो'च ठेवा आणि 'फोटो'सारखा चालवा: तो गंबो, गंबोत, गंबोचा. पहिल्यांदा येईल तिथे 'भातावर घ्यायचा दाट रस्सा' एवढी फोड पुरे.