सागवानी कपाटाच्या शिरांत पांढरा रंग

प्रश्न : नेरुळच्या आमच्या सिडकोच्या घरात, बेसिनखाली, सासूबाईंनी तीसेक वर्षांपूर्वी करून घेतलेलं सागवानी कपाट आहे. लाकूड ठणठणीत आहे, पण पॉलिश उडालंय आणि नळाखाली बशीएवढा काळा डाग पडलाय. मला त्याला ‘पिकल्ड’ फिनिश द्यायचंय, म्हणजे पांढुरकं, पण शिरा दिसणारं. आमचे सुतारमामा म्हणतात, “वहिनी, पांढरा ऑइलपेंट मारा आणि मोकळ्या व्हा.” काय करू?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : ऑइलपेंटच मारायचा तर त्याखाली सागवान काय आणि प्लाय काय! मामांना चहा पाजा आणि ब्रश काढून घ्या.

‘पिकल्ड’ हे नाव ऐकून लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे येते, पण इथे मुरवायचं काही नाही. युरोपात पूर्वी कीड लागू नये म्हणून लाकडाला चुना चोळत. तो शिरांत अडकून राही, आणि तेच रूप पुढे लोकांना आवडू लागलं. तुम्ही मात्र पानाच्या डबीतला चुना लावायला जाऊ नका. सागवान त्याने काळपट पडतं. साधा पांढरा इमल्शन पेंट पुरतो.

आधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. पॉलिश चिकट झालं तर लाखेचं आहे, स्पिरिटनेच निघेल. नाही तर रिमूव्हर आणा. मग दाराची कड बघा. समोरच्या शिरा कडेवरून पुढे जात नसतील तर ते व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा असणार, जेमतेम अर्धा मिलिमीटर. घासायचं मशीन लावू नका, आरपार जाल. भरीव लाकडावर 120 आणि मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, बस. त्याहून गुळगुळीत केलंत तर रंगाला धरायला जागा उरत नाही. शेवटी पितळी तारांचा ब्रश शिरांच्या दिशेने फिरवा आणि नखाने आडवी रेघ ओढून बघा. नख बारीक बारीक अडखळलं पाहिजे.

पितळीच ब्रश का, ते सांगते. ठाण्यात चरईच्या घरी मी आळस करून भांड्यांची तारेची घासणी वापरली. रंग लावला, सुरेख दिसला. तिसऱ्या दिवशी दारभर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे! लोखंडाचे तुकडे लाकडात राहिले होते, पाण्याच्या रंगाने ते गंजले. तुमचा डागही बहुधा याच कुळातला आहे. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून तेवढ्याच भागावर लावा, डाग फिका झाला की दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा. ते विषारी आहे. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.

लाकूड पूर्ण वाळलं की थिनरच्या फडक्याने पुसा, सागाचं तेल वर आलेलं असतं. रंगात तितकंच पाणी घाला. एका वेळी एकच दार घ्या : फडक्याने आडवा चोळा, दोन मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने आधी आडवं, मग शिरांच्या दिशेने पुसा. किती पुसायचं, ते तुमच्या डोळ्यांवर. पण आधी दाराच्या आतल्या बाजूला करून बघा.

वरून पाण्यात मिसळणाऱ्या पीयूचे (पॉलियुरेथेन या पारदर्शक पॉलिशचे) तीन हात. तेलाचं पीयू घेतलंत तर वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्याचा रंग खारी बिस्किटासारखा होतो. कपाटाची पाठ, तळ आणि पायांची टोकं विसरू नका, पाणी तिथूनच वर चढतं. हे सगळं दसऱ्यानंतर. खाडीकाठच्या पावसाळ्यात एकेक हात वाळता वाळत नाही.

मामांना दारं उतरवायला आणि परत बसवायला जरूर बोलवा. स्क्रू मात्र पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच आणायला सांगा.