वाचक विचारतात : घरचा आकाशकंदील, गॅलरीतला किल्ला

प्रश्न : बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक कंदील घरी करतो, पण सांगाडा दर वर्षी एका बाजूला कलतो. दोरा कितीही आवळला तरी तो सरळ होत नाही. काय चुकत असेल? (सांगली)

बहुधा दोन गोष्टी चुकत असतील. कामट्यांची लांबी सारखी नसेल आणि गाठी पहिल्याच फेरीत घट्ट बसत असतील.

या कंदिलाला २४ कामट्या लागतात. प्रत्येक २७ सेंमी लांब कापा आणि दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेन्सिलीने खूण करा. गाठ त्या खुणेवरच यायला हवी, म्हणजे दोन गाठींमधलं अंतर नेमकं २५ सेंमी राहतं. एखादी कामटी अर्धा सेंमी जरी कमी भरली तरी कोपरा ओढला जातो. बांबू वाळलेला घ्या. ओला बांबू नंतर आकसतो आणि आज पक्की वाटणारी गाठ चार दिवसांत सैल होते.

आधी १६ कामट्यांचे चार चौकोन बांधा. प्रत्येक चौकोन टोकावर उभा धरा आणि शेजारच्या चौकोनांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधून चौघांचं कडं करा. आता वर चार आणि खाली चार टोकं मोकळी दिसतील. उरलेल्या आठ कामट्यांपैकी चार वरच्या टोकांना आणि चार खालच्या टोकांना जोडा. सगळं मिळून सहा चौकोन आणि आठ त्रिकोण तयार होतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर चार कामट्या येतात.

शेवटच्या आठ कामट्या लागेपर्यंत सांगाडा डुगडुगणारच. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, आणि या कंदिलाला ताठपणा त्रिकोणांमुळेच येतो. म्हणून पहिल्या फेरीत सगळ्या गाठी सैल ठेवा. मग ३५ सेंमी लांबीचा एक दोरा कापून सहाही चौकोनांचे दोन्ही कर्ण मोजा. जिथे दोरा कमी-जास्त पडेल तिथे हाताने दाबून कर्ण सारखे करा, त्यानंतरच दोऱ्याचे फुलीसारखे वेढे आवळा आणि गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब सोडा. उंचीही ३५ सेंमीच्या आसपास भरली, तर सांगाडा बरोबर जमला.

मुलांना हे आधी हातात घेऊन कळावं असं वाटत असेल, तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे यांचा एक चौकोन आणि एक त्रिकोण करून द्या. २०१८ साली पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता यांनी काड्यांचे असे खेळ कितीतरी शाळांमध्ये पोहोचवले आहेत. दहा मिनिटांचं काम आहे, पण नंतर गाठी बांधताना मुलं स्वतःच कर्ण मोजायला लागतात.

प्रश्न : पतंगी कागद चिकटवला की सुरकुत्या पडतात, आणि कधी कधी वाळल्यावर कामटीपासून सुटूनही येतो. (नाशिक)

कागद सुटण्याचं कारण बांबूची पाठ. तिच्या गुळगुळीत, चकचकीत सालीवर खळ धरत नाही. सांगाडा बांधतानाच खरखरीत बाजू बाहेर ठेवा, किंवा सालीवरून पॉलिशपेपर फिरवा.

सुरकुत्या पडतात त्या खळ कागदाला लावल्यामुळे. ओला कागद ताणला जातो आणि वाळताना वेडावाकडा आकसतो. खळ कामटीलाच लावा, तीही पातळ. दोन चमचे मैदा आधी एक कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळा. एकदम गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या हमखास होतात. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असतं. मुलांचे हात खळीत असणार, तेव्हा ते घालूच नका. थोडी खळ करा आणि त्याच दिवशी संपवा.

चौकोनासाठी कागद २८ सेंमीचा कापा, म्हणजे चारही बाजूंना दीड सेंमी दुमडायला मिळेल, आणि कोपरे तिरके छाटा. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा. वरून उष्णता बाहेर जाते, खाली झिरमिळ्या लागतात. एक बाजू झाली की लगेच तिच्या समोरची घ्या, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते.

प्रश्न : आत कोणता दिवा लावावा? (ठाणे)

३ ते ५ वॉटचा एलईडी पुरतो. या मापाच्या कंदिलात मधोमध टांगलेला दिवा चौकोनी कागदापासून साधारण १७ सेंमीवर राहतो. जुना ४० वॉटचा पिवळा बल्ब लावू नका, तो फार तापतो आणि वाऱ्याने हलून कागदाला टेकला तर कागद करपतो. कंदिलाचा भार सुतळीवर असावा, विजेच्या वायरवर कधीही नको. वायरचा जोड छपराखाली घ्या, कारण परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत किल्ला करता येईल का? गेल्या वर्षी मातीला भेगा पडल्या आणि पेरलेलं पाण्याबरोबर वाहून गेलं. (पुणे)

जरूर करता येईल. ३ फूट बाय २ फूट प्लायवर जाड प्लास्टिक पसरा. डोंगराचा गाभा पालथे डबे आणि खोकी रचून उभा करा, त्याने वजन कमी राहतं. वरून ओलं गोणपाट घाला आणि त्यावर चिखल लिंपा. भेगा बहुधा काळ्या मातीमुळे पडल्या असतील, ती वाळताना फार आकसते. चाळलेली लाल माती तीन भाग आणि रेती एक भाग घ्या. थर दोन सेंमीपेक्षा जाड नको.

उतारावर अळीव पेरा. वीस मिनिटं पाण्यात ठेवलं की त्याला बुळबुळीत चिकटा सुटतो आणि बी उभ्या कड्यावरही धरून राहतं. मोहरी अशी धरत नाही, ती सपाट जागी टाका. वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी पेरलं तर सणात हिरवळ येते. पाणी तांब्याने ओतू नका, फवाऱ्याने मारा. बी दाट पडलं आणि पाणी जास्त झालं की पांढरी बुरशी धरते.

कोणता किल्ला करायचा ठरलं नसेल, तर राजगड घ्या. मधे उंच बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेकडे सुवेळा, पश्चिमेकडे संजीवनी. घरात तीन मुलं असतील तर एकेक माची वाटून देता येते आणि बालेकिल्ला मोठ्यांनी करावा. संजीवनीची दुहेरी तटबंदी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या अंतराने उभ्या करून छान दिसते. सुवेळा माचीवरच्या नेढ्यासाठी, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकासाठी, चिखल ओला असतानाच पेन्सिल आरपार घाला आणि माती सुकल्यावर काढा.

प्रश्न : कंदील पुढच्या वर्षीसाठी ठेवता येतो का? (बेळगाव)

कागद नाही, सांगाडा ठेवता येतो. त्रिपुरी पौर्णिमा झाली की ओल्या फडक्याने कडा भिजवून कागद सोडवा. खळीचा अंश राहू देऊ नका, त्यानेच झुरळं येतात. सांगाडा दोन दिवस उन्हात वाळवून टांगून ठेवा, सामानाखाली दाबला तर गाठी सरकतात. कामट्यांखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली तर भुंगा लागला आहे असं समजा आणि ती कामटी लगेच बदला.