घरचा आकडा खरा की दवाखान्यातला?

प्रश्न : दवाखान्यात माझं बीपी १५२/९४ भरलं. घरच्या यंत्रावर वरचा आकडा कधी १२८ येतो, कधी १४६. यंत्र बिघडलंय का? आकडा चांगला आला त्या दिवशी गोळी टाळली तर चालेल?

उत्तर : गोळीचं आधी सांगतो : टाळू नका. तो चांगला आकडा बहुधा गोळीमुळेच आलेला असतो. काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या), अचानक बंद केल्या तर रक्तदाब आणि नाडी दोन्ही उसळतात.

आता यंत्र. रक्तदाब दिवसभर वरखाली होतच असतो, पण मोजण्यातल्या चुका त्यात मोठी भर घालतात. सगळ्यात जास्त फसवतो तो दंडाचा पट्टा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा हमखास जास्त येतो. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. खाली दोन बोटं सरकतील इतकाच सैल असू द्या. दुसरी चूक हाताची. हात मांडीवर ठेवला की दंड छातीच्या खाली जातो, आणि दर १० सेंटिमीटरला आकडा सुमारे ८ ने वाढतो. म्हणून हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही, पायावर पायही नाही. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा. चहा, कॉफी, तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद. मोजताना बोलू नका, साधं ‘हो’सुद्धा नाही.

सात दिवस सकाळी गोळीआधी आणि रात्री, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. आलेला प्रत्येक आकडा लिहा, नकोसा वाटला तरी. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. दवाखान्यात ही रेषा १४०/९० ची. तुमचा निर्णय त्या सरासरीवर व्हावा, एका सकाळच्या १४६ वर नव्हे. वही डॉक्टरांना दाखवा.

मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं किंवा दिसेनासं होणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : गोळ्या वेळेवर घेते, वरून मीठ घेत नाही, तरी बीपी १५० च्या खाली येत नाही. गुडघेदुखीच्या गोळ्यांचा काही संबंध असेल?

उत्तर : दाट शक्यता आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या बऱ्याच औषधांचा जोर कमी पडतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीसोबत त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांनाच धोका. दुकानातून आणलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, सर्दीचीसुद्धा. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन रक्तदाब चढवतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं, तेही मिठातच मोजा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पाकिटबंद पदार्थांतलं मीठ धरलेलं आहे. वरून न घेतल्याने तेवढं कमी होतंच असं नाही. पोटॅशियमचं ‘कमी सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नका : मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.