बिबट्या वस्तीत आला की धरून लांबच्या जंगलात का सोडत नाहीत?

सोडतात की! सोडून बघितलंय, म्हणूनच जाणकार आता नको म्हणतात.

हाच प्रश्न आमच्या भावजींनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर पंगतीत काढला होता. तेव्हा बेळगावात गोल्फ मैदानाकडं बिबट्या शिरलेला, आसपासच्या शाळा बंद, हुडकायला सक्रेबैलच्या हत्ती-छावणीतले हत्ती आणलेले. (शेवटपर्यंत घावला नाहीच.) भावजी टिळकवाडीचे. म्हणाले, "धरून तुमच्या खानापूरकडं सोडायचं की, तिकडं रानच रान हाय!" म्हणजे शहराला नको झालेलं जनावर भीमगड अभयारण्याच्या कडेला गुरं बांधणाऱ्यांनी सांभाळायचं. मी बोलायला लागलो तर वर हेही ऐकलं, "बिबट्याची वकिली करूलास काय?" ताई आमटीचं भांडं हातात धरून तशीच उभी.

वकिली मी माझ्या गोठ्याची करत होतो. जुन्नर भागात २००१ पासून उसातले बिबटे धरून दुसरीकडं सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब २०११ मध्ये छापला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते १७ वर गेले. शिवाय जिथं सोडले, त्या बाजूलाही हल्ले सुरू झाले. होणारच. पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर, पाणी कुठं, माणसं कुठं, काही ठाऊक नाही, आणि तिथं आधीचा बिबट्या हद्द धरून बसलेला. इकडं रिकामी झालेली जागा दुसरा येऊन घेतो. 'आजोबा' नाव ठेवलेल्या बिबट्याला २००९ मध्ये माग काढायची कॉलर गळ्यात घालून माळशेज घाटात सोडलं, तर गडी साधारण १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आता सांगा, लांब म्हणजे किती लांब?

उसात बछडी सापडली तरी उचलून आणू नका. वनखात्याला कळवा. त्याच जागी ठेवली की बहुतेकदा रात्री आई घेऊन जाते.

माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ला करणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला धरायलाच हवं. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा लावू नये. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी मारा, कुत्रं रात्री आत घ्या. आणि भावजी, हे वाचत असाल तर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कोंबडीची आतडी पडतात, त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. तेवढं महापालिकेला सांगून आधी उचलायला लावा. खानापूरचं आम्ही बघतो.